तेलाच्या टाकीपासून बोअरपर्यंत

स्वीडनमध्ये घर विकायला काढलं की जाहिरातीत खोल्या किती आणि शाळा किती लांब याच्या जोडीला एक ओळ हमखास असते: घर कशावर तापतं. तिथे ‘बेर्गवर्मे’ लिहिलेलं असलं की बघायला आलेली मंडळी त्या विषयावर पुढे काही विचारत नाहीत. अंगणात शे-दीडशे मीटरचा बोअर मारलेला आहे, खडकातली ऊब हीट पंपानं घरात येते आणि हिवाळ्याचं बिल आवाक्यात आहे, हे सगळं त्या एका ओळीत आलेलं असतं. आज इथल्या निम्म्याहून अधिक स्वतंत्र घरांत कुठल्या ना कुठल्या जातीचा हीट पंप आहे. जर्मनी-ब्रिटनकडचे अधिकारी आणि पत्रकार येऊन विचारतात, तुम्ही हे जमवलंत कसं? त्यांना जे उत्तर मिळतं ते कडक इस्त्रीचं असतं. तेलाचं संकट आलं, सरकारनं धोरण आखलं, लोकांनी पंप घेतले. ते ऐकलं की मला हसू येतं, कारण मधली दहाएक वर्षं त्यातून साफ गायब असतात. त्या वर्षांत इथे चारचौघांत हीट पंपाचं नाव काढायची सोय नव्हती. त्या वर्षांची पुष्कळशी कागदपत्रं माझ्या टेबलावरून गेली आहेत.

मी मूळची पुण्याची, मेकॅनिकल इंजिनिअर. दापोडीच्या एका स्वीडिश कारखान्यात हीट एक्स्चेंजरच्या कामावर होते. १९८३ साली दक्षिण स्वीडनमधल्या लुंड गावी आले, नवऱ्याच्या नोकरीमागून नव्हे, स्वतःच्या. नव्या माणसाला कुठल्याही कंपनीत जिथे बसवतात तिथेच मलाही बसवलं: वॉरंटीच्या तक्रारींवर. आमचे हीट एक्स्चेंजर हीट पंप बनवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांना जायचे. पंप बंद पडला की दोष कुणाचा यावर पत्रव्यवहार सुरू व्हायचा आणि फाइल माझ्याकडे यायची. स्वीडिश भाषा मी त्या पत्रांवर शिकले. त्यामुळे सुरुवातीला मला चिडून बोलायचे शब्दच जास्त येत असत.

यंत्राची ओळख दोन वाक्यांत करून देते. फ्रीजच्या मागे हात लावला तर जाळी गरम लागते, कारण आतल्या भाजीची उष्णता तिथे बाहेर टाकलेली असते. हीट पंप हा तोच फ्रीज, फक्त त्याचा आतला भाग अंगणात किंवा खडकात आणि मागची जाळी घरात. खर्च होते ती उष्णता ओढून आणायला लागणारी वीज. म्हणून एक युनिट वीज घातली की तीन किंवा त्याहून जास्त युनिट ऊब मिळते. यात जादू काही नाही. ऊब जमिनीत, हवेत, नदीत होतीच, यंत्र फक्त हमाली करतं.

ही कल्पना स्वीडनची नाही, नवी तर नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पियाझी स्मिथ नावाचा स्कॉटलंडमधला खगोलशास्त्रज्ञ उष्ण प्रदेशातल्या गोऱ्या साहेबांच्या खोल्या यंत्रानं गार कशा कराव्यात याच्या मागे लागला होता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, यानं १८५२ साली ग्लासगोत दाखवून दिलं की तेच यंत्र उलटं वापरलं तर थंड देशातली इमारत सरळ कोळसा जाळण्यापेक्षा कितीतरी कमी खर्चात तापवता येईल. म्हणजे हीट पंपाच्या वंशावळीत उन्हानं तापलेली एखादी खोली आहे, आणि ती आपल्याकडचीही असू शकते, याची मला उगाचच गंमत वाटते. काही वर्षांतच ऑस्ट्रियात पेटर फोन रिटिंगर यानं एबेनझेच्या मिठागरात वाफ दाबून तिची उष्णता पुन्हा वापरायचं यंत्र चालवून पाहिलं. इमारतीपर्यंत यायला मात्र पुढची ऐंशी वर्षं गेली.

झुरिकचं राठहाउस, म्हणजे जुनं नगरभवन, लिमाट नदीच्या अगदी पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं आहे. १९३८ साली तिथल्या शेगड्या काढून एशर वीस कंपनीनं नदीच्या पाण्यावर चालणारा हीट पंप बसवला. कारण सरळ होतं. स्वित्झर्लंडकडे कोळसा नाही, डोंगरातली वीज आहे, आणि युरोपात युद्धाचे ढग दिसत होते. पुढे युद्धात कोळशाची टंचाई झाली तसे झुरिकमध्ये आणखी असे पंप बसले. नगरभवनातला तो पंप २००१ पर्यंत चालला. ज्यांना हीट पंप टिकत नाही असं वाटतं त्यांना मी हा दाखला देते. पण युद्ध संपलं, मध्यपूर्वेतलं तेल पाण्याच्या भावानं वाहू लागलं आणि स्विस लोकसुद्धा ही गोष्ट विसरून गेले. लंडनमध्ये १९५१ साली रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी टेम्स नदीवर एक पंप बसवला होता, त्यात विमानाच्या मर्लिन इंजिनांचा उपयोग केला होता. त्यानं हॉलला लागते त्यापेक्षा जास्तच ऊब दिली. तोही फार दिवस राहिला नाही. तेल स्वस्त असताना हुशारीला गिऱ्हाईक नसतं.

तर १९७३. त्या वेळी स्वीडन हा माणशी तेल जाळण्यात जगातल्या पुढच्या देशांपैकी एक होता. स्वतःचं तेल नाही, कोळसा नाही, आणि हिवाळा सहा महिन्यांचा. प्रत्येक घराच्या तळघरात किंवा अंगणाखाली तेलाची टाकी आणि शेजारी बॉयलर. एका घराला वर्षाला तीन-चार घनमीटर तेल लागायचं. अरब देशांनी पुरवठा आवळला आणि १९७४ च्या जानेवारीत पेट्रोलचं रेशनिंग आलं. ते काही आठवड्यांत उठलं, पण धास्ती राहिली. पुढच्या दोन-तीन वर्षांत घरं सुधारण्यासाठी सरकारी अनुदानं आणि स्वस्त कर्जं सुरू झाली. १९७७ पासून बांधकामाचे नियम इतके कडक झाले की तीन काचांची खिडकी आणि जाडजूड भिंत ही नव्या घरात साधी गोष्ट झाली. माझ्या मते सगळ्या धोरणात हेच सगळ्यात मोलाचं होतं आणि याचाच उल्लेख सगळ्यात कमी होतो. गळक्या घराला हीट पंप लावणं म्हणजे पैसे घालवणं. स्वीडननं आधी घरं बंदिस्त केली, पंप नंतर आले.

मग १९८० चं सार्वमत. अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात झाला होता, आणि अणुवीज ठेवायची की नाही यावर स्वीडिश जनतेनं मत दिलं. मतपत्रिकेवर तीन पर्याय होते आणि तिन्हींचा अर्थ थोड्याफार फरकानं ‘आज ना उद्या बंद’ असा होता. निर्णय झाला तो असा की बांधायला घेतलेल्या अणुभट्ट्या पुऱ्या करायच्या आणि २०१० पर्यंत सगळ्या थांबवायच्या. झालं असं की १९८५ पर्यंत बारा भट्ट्या चालू झाल्या आणि देशात वीज उतू जाऊ लागली. हीट पंप दोन्ही बाजूंना आवडला. अणुवीजवाल्यांना विजेला गिऱ्हाईक हवं होतं. अणुवीजविरोधकांना वीज कमी वापरणारं काहीतरी हवं होतं, आणि विजेच्या साध्या हीटरला लागते त्याच्या एक-तृतीयांशच वीज हा खातो. इतका सगळ्यांचा लाडका असलेला प्राणी राजकारणात क्वचित सापडतो. लाड व्हायचे तसेच झाले. स्वस्त कर्ज मिळू लागलं आणि पंप बनवणाऱ्या कंपन्यांचं पीक आलं.

त्या पिकातलं तण माझ्या फायलीत यायचं.

एक पत्र आठवतं ते एका निवृत्त शिक्षकाचं. त्यानं बागेत जमिनीखाली प्लॅस्टिकची नळी पसरून घेतली होती. मातीतली ऊब ओढायचा हा स्वस्त प्रकार. बसवणाऱ्यानं नळी आखूड टाकली. परिणामी पहिल्या हिवाळ्यात पंपानं त्या मातीतून इतकी उष्णता ओढली की जमीन खोलवर गोठली, फुगली आणि वसंतात त्याच्या हिरवळीवर उंचवटे उभे राहिले. शिक्षकानं उंचवट्यांची मोजमापं घेऊन, वहीच्या आलेखाच्या कागदावर नकाशा काढून पाठवला होता. आमच्या हीट एक्स्चेंजरचा यात काही संबंध नव्हता. पण पंपवाली कंपनी तोवर बंद पडली होती, बसवणारा फोन उचलत नव्हता, आणि यंत्राच्या पोटात ज्याच्या नावाची पाटी सापडली त्याला म्हाताऱ्यानं पत्र लिहिलं.

अशा पत्रांतून हळूहळू कळत गेलं की बिघाड यंत्रात जितका होता त्याहून जास्त तो माणसांच्या मधल्या फटीत होता. नळाचं काम करणाऱ्याला पाणी आणि रेडिएटर कळायचे, पण गॅस भरलेलं चक्र कळायचं नाही. फ्रीजवाल्याला ते कळायचं, पण घराला किती ऊब लागते याचा अंदाज नसायचा. वायरमन दोघांनंतर यायचा आणि मीटरचा फ्यूज उडाला की दोघांना शिव्या द्यायचा. तिन्ही कामं एका माणसाला येतील असा धंदाच तेव्हा अस्तित्वात नव्हता. जुने रेडिएटर सत्तर-ऐंशी अंशांच्या पाण्यासाठी बसवलेले होते आणि पंप पन्नासच्या पुढे गेला की दमायचा. कुणी फार मोठा पंप बसवायचा, तो दर पाच मिनिटांनी सुरू-बंद होत स्वतःचा कॉम्प्रेसर मारून टाकायचा. कुणी फार लहान बसवायचा, मग थंडीत पंपाच्या आतला साधा विजेचा हीटरच घर तापवत बसायचा आणि बिल तेलापेक्षा वर जायचं. कर्ज देणाऱ्या कचेरीला पंप बसल्याचा कागद लागायचा. घर तापलं का, हे विचारायची कागदावर जागाच नव्हती.

१९८५ च्या सुमाराला ही स्वस्त कर्जं संपली. १९८५ च्या शेवटी पिंपाला पंचवीस डॉलरच्या वर असलेलं तेल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निम्म्याच्याही खाली आलं. पुष्कळ घरांत जुना तेलाचा बॉयलर पंपाशेजारी तसाच ठेवलेला होता. एक व्हॉल्व्ह फिरवला की काम झालं. १९८७ चा जानेवारी भयंकर थंड होता. आमच्या गल्लीतल्या एका घरी पंप त्या आठवड्यात मुका झाला. घरमालकानं तेलाचा टँकर मागवला आणि नंतर त्या पंपाच्या खोक्यावर बटाट्यांची पोती ठेवायला सुरुवात केली. त्यानं तो काढूनही टाकला नाही. काढायला माणूस बोलवायचा म्हणजे पुन्हा पैसे. बाजार असा बसला की एकेकाळी ज्यांच्याकडून रोज ऑर्डरी यायच्या त्या कारखान्यांची नावं आमच्या यादीतून ओळीनं खोडली गेली. थोडे तगले, मुख्यतः ते ज्यांचा बॉयलर किंवा गरम पाण्याच्या टाक्यांचा जुना धंदा होता. स्मोलांडमधल्या मार्कारीडची नीबे, वेर्मलांडमधल्या आर्विकाची थर्मिया, त्रानोसची आयव्हीटी ही त्यांपैकी नावं. गावं लहान, कारखाना गावाचा पोशिंदा, त्यामुळे मालकाला पळून जायची सोय नाही. मला वाटतं हीट पंप जगला यात या लहान गावांचा वाटा बऱ्यापैकी आहे, पण तो कुठल्या अहवालात येत नाही.

या पडझडीला न घाबरलेलं एकच गिऱ्हाईक होतं: नगरपालिकांच्या ऊर्जा कंपन्या. स्वीडनच्या शहरांत एका ठिकाणी पाणी तापवून ते जमिनीखालच्या नळांनी इमारतींना पुरवायची पद्धत आहे. तिथे ऐंशीच्या दशकाच्या मध्याला अजस्र हीट पंप बसले. स्टॉकहोमच्या रोपस्तेनला समुद्राच्या पाण्यावरचे, एकूण १८० मेगावॉटचे. हम्मरबीला मैलापाणी शुद्ध केल्यावर जे कोमट पाणी उरतं त्यावरचे. तुमच्या आंघोळीचं पाणी मोरीतून गेलं तरी त्यातली ऊब शहर वाटेत वसूल करून घेतं, ही काटकसर आमच्या आजीला मनापासून पटली असती. इथे लुंडमध्ये सात-आठशे मीटर खोलीवरून विशीतल्या तापमानाचं पाणी वर आणून त्यावर पंप चालवायचं काम १९८५ च्या सुमाराला सुरू झालं. या यंत्रांपाशी चोवीस तास माणूस असायचा, मोजमाप असायचं, तेलपाणी वेळेवर व्हायचं. ती नीट चालली. यंत्र तेच, शास्त्र तेच. घरगुती पंपाच्या नशिबी ते सांभाळणारं कुणी नव्हतं, इतकाच फरक.

आणि त्याच पडत्या काळात, १९८७ साली, लुंड विद्यापीठात पेर एस्किलसन यानं प्रबंध लिहिला. विषय: बोअरमधून उष्णता ओढली तर खडकाचं काय होतं. हा प्रश्न पुस्तकी नव्हता. विहिरीतलं पाणी पावसानं भरतं, पण खडकातली ऊब कोण भरणार? तुम्ही वर्षानुवर्षं ओढत राहिलात तर तो थंड होत जाणार का, किती, आणि शेजाऱ्यानंही बोअर मारला तर? त्याचे मार्गदर्शक योहान क्लासन हे गणिती पदार्थविज्ञानाचे. दोघांनी मिळून अशी रीत बसवली की बोअर किती, कसे मांडलेले, किती खोल, हे दिलं की पंचवीस वर्षांनी खडक किती थंड झाला असेल हे सांगता यावं. आज जगात कुठेही मोठ्या इमारतीसाठी बोअरचा आराखडा होतो तेव्हा संगणकाच्या पोटात हेच गणित चालू असतं. ज्या वर्षी बाजारात पंपाला कुत्रं विचारत नव्हतं त्या वर्षी त्याचं सगळ्यात महत्त्वाचं गणित सुटलं. विद्यापीठाला बाजारभाव कळत नाहीत हे कधीकधी बरं असतं.

आणखी एक गोष्ट अशीच, हीट पंपाच्या ध्यानीमनी नसताना तयार झालेली. १९७६ पासून स्वीडनमध्ये कायदा आहे की बोअर मारणाऱ्यानं प्रत्येक बोअरची माहिती भूगर्भ सर्वेक्षण खात्याला द्यायची: वरची माती किती मीटर, खडक कधी लागला, कसला आहे, पाणी किती आलं. हेतू पिण्याच्या पाण्याचा होता. पण त्यामुळे पुढे ऊब काढायला बोअर मारू लागले तेव्हा कुठल्या गावात किती मातीखाली ग्रॅनाइट आहे हे आधीच नोंदलेलं होतं. ड्रिलवाला दर सांगताना अंधारात तीर मारत नव्हता. मी हे माझ्या भावाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. त्याच्या शेतात फेल गेलेले बोअर किती याचा हिशेब आमच्या घरी कुणी उघडपणे करत नाही. आपल्याकडे दुष्काळानंतर गावोगाव बोअरची यंत्रं फिरली, काळ्या खडकात हातोडा तोच, हवेच्या दाबावर चालणारा. फक्त नोंद ठेवायला कुणी बसलं नव्हतं.

१९९१ साली स्वीडननं कार्बनवर कर बसवला, कार्बन डायऑक्साइडच्या किलोला २५ ओरे, म्हणजे टनाला २५० क्रोनर. एक घनमीटर तेलावर सातशेच्या वर क्रोनर झाले. पुढे तो पायरीपायरीनं वाढत टनामागे हजाराच्या पार गेला. सरकारं बदलली, पण कर कुणी उठवला नाही. करापेक्षा मला त्याचं हे न बदलणं महत्त्वाचं वाटतं. ऐंशीच्या दशकात लोकांनी तेल महाग राहील म्हणून पंप घेतले आणि तेलानं त्यांना फसवलं. आता तेलाचा भाव पडला तरी कर खाली येणार नाही, हे हळूहळू सगळ्यांना पटलं.

पण पंपावरचा गेलेला विश्वास करानं परत येत नाही. त्यासाठी जे केलं ते माझ्या पाहण्यातलं सगळ्यात चलाख सरकारी काम. न्यूटेक नावाचं उद्योग-तंत्रज्ञानाचं सरकारी मंडळ होतं. त्यानं आधी १९९०-९१ मध्ये फ्रीजवर एक प्रयोग केला होता. मोठे खरेदीदार एकत्र आणायचे, त्यांच्याकडून हवा तसा फ्रीज लिहून घ्यायचा, आणि कारखान्यांना सांगायचं, असा बनवून दाखवा, इतके नग नक्की घेऊ. ती स्पर्धा इलेक्ट्रोलक्सनं जिंकली. १९९३ साली तोच डाव हीट पंपावर लावला. अटी साध्या, पण जीवघेण्या: बाजारातल्या पंपांपेक्षा तीस टक्के कार्यक्षम, तीस टक्के स्वस्त, मधल्या आकाराच्या घराला पुरेल असा. खरेदीदारांच्या गटाची हमी दोन हजार पंपांची. बोरोसच्या सरकारी चाचणी संस्थेत पंप तपासला जाणार, आणि तिथे ठरल्यापेक्षा कमी भरला तर स्पर्धेतून बाहेर.

आमच्याकडे त्या दोन वर्षांत धावपळ होती. तीस टक्के स्वस्त म्हणजे सगळ्यांनाच आपापल्या भागाचा दर खाली आणायचा होता. जुने नळीत नळी घातलेले हीट एक्स्चेंजर जाऊन पातळ पत्रे तांब्यानं एकमेकांना जोडलेले, वहीएवढे एक्स्चेंजर सरसकट आले ते याच सुमाराला. पंपाचं खोकं कपाटाएवढं झालं, स्वयंपाकघरातल्या फ्रीजशेजारी उभं करता येईल असं. १९९५ साली दोन पंप विजेते ठरले, एक आयव्हीटीचा. आमच्या कामाच्या ठिकाणी त्या दिवशी केक कापला. स्वीडनमध्ये कुठल्याही बातमीला केकच कापतात, पण तो मला जरा जास्त गोड लागला. सरकारनं या खेळात गिऱ्हाइकाला दिलेला पैसा नगण्य होता. कारखान्याला मात्र जी खात्री दिली, ती कुठल्याही अनुदानानं मिळाली नसती. योगायोग असा की त्याच १९९३ साली स्विस लोकांनी विंटरथूरजवळ ट्योस इथे पंप तपासायचं केंद्र उघडलं. तिथेही ऐंशीच्या दशकात हेच सगळं घडलं होतं, तोच चटका, तीच अक्कल.

त्यानंतर मात्र वेगानं झालं, आणि त्या भागात मला सांगण्यासारखं कमी आहे. यशाच्या फाइली पातळ असतात. बसवणाऱ्यांसाठी शिक्षण आणि प्रमाणपत्रं आली. घराच्या विम्यात पंप धरला जाऊ लागला. २००६ साली तेल सोडणाऱ्या घरांना अनुदान सुरू झालं, तर त्याला इतकी मागणी आली की पैसे मुदतीआधी संपले. माझं मत विचाराल तर त्यातले बरेच लोक अनुदान नसतं तरी निघालेच होते. २००८ च्या शेवटी घरदुरुस्तीच्या मजुरीचा काही भाग आयकरातून वळता करायची सवलत कायमची आली. ती पंपासाठी नव्हती, काळा पैसा घेऊन काम करणाऱ्या कारागिरांना पावतीवर आणण्यासाठी होती. पण पंप बसवायच्या खर्चात मजुरी मोठी असते, त्यामुळे फायदा पंपाला झाला. घरोघरच्या टाक्यांतलं तेल अशा रीतीनं जवळजवळ संपलं. कुठलीही बंदी न घालता संपलं, हे जर्मनांना सांगितलं की ते वाद घालतात. २०२३ साली त्यांच्याकडे नव्या बॉयलरच्या कायद्यावरून सरकार हलायची वेळ आली होती, त्यामुळे त्यांचं बरोबरच आहे. त्यांना वीस वर्षांचं काम दोन वर्षांत हवं आहे.

बोअर मारायचं यंत्र आमच्या गल्लीत आलं की आजही मुलं बघायला उभी राहतात. मोठा कॉम्प्रेसर, धाडधाड आवाज, आणि राखाडी खडकाचा चिखल पाण्याबरोबर कंटेनरमध्ये. एका दिवसात दीडशे मीटर सहज. मग त्यात प्लॅस्टिकची नळी दुमडून सोडतात, तिच्यात पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण फिरतं, आणि वर फक्त एक झाकण दिसतं. बटाट्यांच्या पोत्यांच्या त्या शेजाऱ्यानं म्हातारपणी बोअर मारला. जुनं खोकं तेव्हा कुठे घराबाहेर गेलं. कॉन्ट्रॅक्टरची निवड त्यानं कशी केली, तर तीन जणांना बोलावून प्रत्येकाला एकच विचारलं: तुमची कंपनी किती वर्षांची आहे?

सध्याची भांडणं वेगळी आहेत. बोअर मारायचा तर पालिकेला आधी कळवावं लागतं, आणि दोन बोअरमध्ये वीस मीटर अंतर असावं, म्हणजे आपला बोअर शेजाऱ्याच्या हद्दीपासून दहा मीटर आत, असा संकेत आहे. मोठ्या प्लॉटवर ते सोपं. ओळीतल्या जोडघरांचं अंगणच बारा मीटरचं, तिथे काय करायचं? ज्यानं आधी मारला तो मधोमध मारून बसला, आणि नंतरच्याला जागाच उरली नाही. मग बोअर तिरका मारतात, खाली जाताना दुसऱ्याच्यापासून लांब जाईल असा. काही ठिकाणी शेजाऱ्याची लेखी संमती मागतात. काही वसाहती आता सगळ्यांचे मिळून बोअर एकदमच मारून घेतात आणि खर्च वाटून घेतात. आमच्या वसाहतीच्या शेवटच्या बैठकीत यावरच दोन तास गेले. एका तरुणानं संगणकावर एस्किलसनच्या पद्धतीनं हिशेब करून दाखवला की पंचवीस वर्षांनी खडक फक्त एवढाच थंड होईल. पलीकडच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, पंचवीस वर्षांनंतरचं जाऊ दे, पहिला बोअर कुणाच्या अंगणात मारणार ते सांग, माझी गुलाबाची झाडं तिथे आहेत. पुढची बैठक सप्टेंबरात आहे.